आठशेवर थांबायचं कुणी ठरवलं?

बुलढाण्यात पहाटे रस्त्यावर पळणारं कुणीही दिसलं की प्रश्न ठरलेला असतो, "भरतीची तयारी करून राहिली का?" मी म्हणते, नाही. मग समोरचा विचारतो, "मंग कायले पळतं?"

या 'कायले'शीच माझं भांडण आहे.

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मैदानी चाचणीच्या ५० पैकी २० गुण त्या एका धावेचे. गावोगावची पोरं त्यासाठी वर्षानुवर्षं घाम गाळतात. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २८. ती उलटली की बूट माळ्यावर, आणि दमदार पाय 'वाया गेलेले' ठरतात. जागा मोजक्या, त्यामुळे असे पाय हजारो.

भरती हुकल्यावर मी पहिली १० किलोमीटरची शर्यत धावले. म्हणजे साडेबारा वेळा आठशे. तिथं सुरुवातीला वेग राखून ठेवावा लागतो; आठशेच्या वेगानं सुटलेली तिसऱ्या किलोमीटरलाच चालायला लागते. हा संयम भरतीचं मैदान शिकवत नाही.

नोकरी लागली तरी थांबायचं कशाला? बीडचा अविनाश साबळे आधी सैन्यात गेला, धावपटू नंतर झाला. २०२० मध्ये दिल्लीची अर्धमॅरेथॉन त्यानं १ तास ३० सेकंदांत मारली.

भरतीचे क्लास घेणाऱ्यांनो, निकालानंतर गाळलेल्यांसाठी वर्षातून एक १० किलोमीटरची शर्यत ठेवा. फी नको, वयाची अट नको. राजूर घाटाचा चढ फुकटच आहे.