कॅसिनो आले, शहर कुठे गेले?

१/९ 🧵 कॅसिनो येऊ द्या, त्याच्या पैशातून शहर उभे राहील, हा युक्तिवाद नवा नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने तो अटलांटिक सिटीसाठी थेट कायद्यात लिहिला. त्याचे पुढे काय झाले, ते वाचाच.

२/९ विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हे समुद्रकाठचे वैभवशाली पर्यटनस्थळ उतरणीला लागले. १९७६ मध्ये राज्यातील मतदारांनी केवळ याच शहरात कॅसिनोंना मुभा दिली. १९७७ च्या कायद्याने कॅसिनोला नगर-पुनर्विकासाचे ‘अनन्य साधन’ म्हटले. ध्यानात घ्या: कॅसिनो साधन, शहर साध्य.

३/९ २६ मे १९७८ रोजी पहिला कॅसिनो उघडला. पैसा आला, रोजगार आले. ते नाकारणे अप्रामाणिक ठरेल. पण कायद्यानेच कॅसिनोला किमान ५०० खोल्यांचे हॉटेल सक्तीचे केले होते. जेवण, मनोरंजन, खरेदी, सारे एकाच छताखाली. मग पाहुण्याने रस्त्यावर पाऊल टाकावेच कशाला?

४/९ समुद्राकडे तोंड आणि गावाकडे पाठ, अशा इमारती उभ्या राहिल्या. मागच्या गल्ल्यांतील उपाहारगृहे बंद पडत गेली. सट्टेबाजांनी जागा विकत घेतल्या, घरे पडली, बखळी उरल्या.

५/९ पुनर्गुंतवणुकीची मूळ अट इतकी सैल होती की १९८४ मध्ये नवा कायदा करावा लागला: उत्पन्नाचा १.२५ टक्के भाग पुनर्विकासात गुंतवा, नाहीतर २.५ टक्के कर भरा. त्यासाठी प्राधिकरण नेमले गेले. त्यातून घरे बांधली गेली, हे खरे. पण त्याच निधीतून कॅसिनोंच्या हॉटेलांचा विस्तारही झाला!

६/९ १९९० च्या दशकात याच प्राधिकरणाने एका वृद्ध विधवेचे घर सक्तीने संपादित करायला घेतले. कारण? शेजारच्या ट्रम्प प्लाझाच्या लिमोझिन गाड्यांना जागा हवी होती. १९९८ मध्ये न्यायालयाने ते रोखले. ‘सार्वजनिक हित’ हा शब्द किती स्वस्त झाला होता, ते यावरून कळते.

७/९ शेजारच्या राज्यांत कॅसिनो निघाले आणि मक्तेदारी संपली. २०१४ या एका वर्षात बारांपैकी चार कॅसिनो बंद पडले. सुमारे ८,००० लोकांचे काम गेले. २०१६ मध्ये राज्याने शहराचा कारभार हाती घेतला.

८/९ समर्थक म्हणतात, स्पर्धेने घात केला. मान्य. पण स्पर्धा नव्हती, त्या भरभराटीच्या वर्षांत शहर का उभे राहिले नाही? तिजोरीच एका धंद्यावर चालू लागली की ‘समतोल’ साधणार कोण? तराजू त्या धंद्याच्याच हाती असतो. म्हणून जनतेचा वाटा परवान्याआधी ठरवावा लागतो. नंतर केवळ विनवण्या उरतात.

९/९ योगायोग पाहा: त्याच १९७६ साली महाराष्ट्रानेही कॅसिनो कायदा संमत केला. तो कधी अमलात आला नाही. २०२३ मध्ये रद्द झाला. पुन्हा कोणी ‘कॅसिनोतून विकास’ म्हणाले, तर एवढेच विचारा: इमारतीचे तोंड कोणीकडे असेल?