अर्ध्या वाटेवरचे दान

डिसेंबर आला की अमेरिकेतल्या सुस्थितीतल्या मराठी कुटुंबांना कर-सल्लागार एक गोष्ट आवर्जून सांगतात. भाव वाढलेले शेअर विकू नका, ते डोनर ॲडव्हाइज्ड फंडात टाका. यंदाची करसवलत यंदाच पदरात पडेल, दान कोणाला द्यायचे ते पुढे सवडीने ठरवता येईल. सल्ला कायदेशीर आहे आणि देणाऱ्याचा हेतूही बहुधा स्वच्छ असतो. तरीही त्यामागचे एक गृहीत मला साफ अमान्य आहे: पैसा फंडात पडला, म्हणजे दान झाले. धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या गावाच्या बाजूने या व्यवहाराकडे पाहिले, तर अजून काहीच झालेले नसते.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. दात्याच्या सल्ल्याने चालणाऱ्या अशा निधीची पद्धत न्यूयॉर्क कम्युनिटी ट्रस्टने १९३१ मध्ये सुरू केली आणि १९९१ मध्ये फिडेलिटीने आपली धर्मादाय शाखा काढल्यावर ती घरोघरी पोचली. दाता एका नोंदणीकृत अमेरिकी धर्मादाय संस्थेला कायमची देणगी देतो, त्याच दिवशी करसवलत घेतो आणि पुढे त्या रकमेतून कोणाला किती द्यावे याचा सल्ला देतो. शेअर दिल्यामुळे भांडवली नफ्यावरचा करही वाचतो. शिवाय मोठी अडचण सुटते. अमेरिकेतल्या करदात्याने धाराशिव जिल्ह्यातल्या अणदूरच्या संस्थेला थेट धनादेश पाठवला तर त्याला तिकडे सवलत मिळत नाही. मध्ये अमेरिकी संस्था असली तर मिळते, आणि भारतातल्या संस्थेची कागदपत्रे तपासण्याचे किचकट कामही तीच करते. रोजच्या नोकरीत बुडालेल्या माणसासाठी ही सोय खरी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही.

पण सोय कोणाची? ते ठरवायला आधी दान कशाला म्हणायचे ते पाहू. याच जिल्ह्यातल्या उमरग्याहून तासाभराच्या वाटेवर बसवकल्याण आहे, म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तिथल्या राजाश्रयाने विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली आणि दानाची जी व्याख्या केली ती पुढे शतकानुशतके न्यायालयांत चालली. आपले स्वत्व सोडणे हा दानाचा अर्धा भाग. दुसऱ्याचे स्वत्व निर्माण होणे हा उरलेला अर्धा, आणि तो घेणाऱ्याच्या स्वीकाराने पुरा होतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही बक्षिसाला हीच स्वीकाराची अट घातली. यावर उत्तर येईल की फंड चालवणाऱ्या संस्थेने स्वीकार केलेलाच असतो. कागदावर ते बरोबर आहे. पण त्या संस्थेला ना औषध हवे आहे ना बियाणे. ती रक्कम सांभाळते, गुंतवते आणि जमलेल्या रकमेच्या प्रमाणात शुल्क घेते. पैसा जितका काळ तिच्याकडे राहील तितके तिचे उत्पन्न. दात्याने अर्धे दान केले आणि सवलत मात्र पूर्ण घेतली, असेच याला म्हटले पाहिजे.

अमेरिकेत खासगी प्रतिष्ठानांना दरवर्षी मालमत्तेच्या सुमारे ५ टक्के रक्कम खर्च करावीच लागते. या फंडांना तशी कोणतीही सक्ती नाही. २०२३ च्या अखेरीस त्यांत साठलेली रक्कम अडीचशे अब्ज डॉलरच्या घरात होती. समर्थक सांगतात की दरवर्षी सरासरी वीस टक्क्यांहून अधिक वाटप होते, म्हणजे प्रतिष्ठानांपेक्षा कितीतरी जास्त. सरासरीचा हा आधार लंगडा आहे. एका खात्यातून सगळे पैसे गेले आणि दुसऱ्यातून वर्षानुवर्षे छदामही गेला नाही, तरी सरासरी चांगलीच दिसते. एका फंडातून दुसऱ्या फंडात गेलेली रक्कमसुद्धा वाटपातच मोजली जाते. आपण प्रत्येक खात्याला विचारायला हवे: तुझ्यातले पैसे कधी जाणार?

कारण इथे काळालाच किंमत आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिवच्या परंडा आणि भूम तालुक्यांत पिके तर गेलीच, कित्येक ठिकाणी जमीनच खरवडून गेली. वर्षानुवर्षे दुष्काळाचा म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा पाण्याखाली गेला. खरवडलेल्या रानात माती भरायची, बांध घालायचे, ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीला वापसा साधायचा, तर पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाती हवा. दात्याचे वर्ष डिसेंबरात संपते आणि त्याचा निर्णय त्यानंतरच्या एखाद्या सवडीच्या रविवारी होतो. तोवर इकडे सावकाराचे दार ठोठावून झालेले असते. उशिरा आलेला पैसाही कामाचा असतो, पण पेरणीच्या वेळी पडलेला खड्डा त्याने बुजत नाही.

दुसरा पूर्वपक्ष आपल्या बाजूचा आहे आणि तो मला जास्त टोचतो. परदेशी पैसा म्हणजे संशय, हा तो पक्ष. परकीय देणगीवर नियंत्रण ठेवणारा पहिला कायदा १९७६ चा, आणीबाणीतला. २०१० मध्ये तो नव्याने आला आणि २०२० च्या दुरुस्तीने त्याचा फास आवळला. परदेशी देणगी आता आधी दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरली पाहिजे. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. आणि सर्वांत घातक तरतूद अशी की, अशी देणगी मिळालेल्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे सोपवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये या दुरुस्त्या वैध ठरवल्या. घटनेच्या कसोटीवर त्या टिकल्या असतील, तरी धोरण म्हणून त्या चुकीच्या आहेत, असे म्हणण्याचा हक्क नागरिकाला राहतोच.

हिशेब हवा, याबद्दल माझा वाद नाही. परदेशातून आलेल्या प्रत्येक रुपयाचा माग लागलाच पाहिजे. पण माग लावणे वेगळे आणि वाट बुजवणे वेगळे. नोंदणी मिळवायची तर संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि त्या काळात तिने १५ लाख रुपये आपल्या कामावर खर्च केलेले हवेत. लोहारा किंवा वाशी तालुक्यातल्या महिला मंडळाने हे पैसे आणायचे कोठून? पूर्वी मोठी नोंदणीकृत संस्था परदेशी देणगी घेऊन तिचे लहान भाग गावोगावच्या नोंदणीकृत संस्थांना देई, हिशेब तपासी आणि त्यांना हिशेब ठेवायला शिकवीही. मधले दलाल हटवले, असे सांगून हा दुवाच तोडला गेला. परिणाम असा की पुण्या-मुंबईची किंवा दिल्लीची मोठी संस्था स्वतःची माणसे इथे पाठवते, किंवा येतच नाही. परदेशी पैसा इतकाच संशयास्पद असेल, तर पीएम केअर्स निधीला या कायद्यातून सूट कशी मिळाली आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला परदेशी देणग्या घेण्याची परवानगी कशी मिळाली? दोन्ही निर्णयांत सरकारने मान्यच केले आहे की तो पैसा उपयोगी आहे. सरकारच्या हातात तो पवित्र आणि गावच्या संस्थेच्या हातात संशयित, हा न्याय मला पटत नाही.

या कायद्याची एक बारीक खाच परदेशस्थ मराठी माणसाला ठाऊकच नसते. ज्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी कायद्याच्या दृष्टीने परकीय ठरत नाही. तो न्यू जर्सीत राहो की दुबईत, त्याचे पैसे अणदूरची संस्था साध्या खात्यातही घेऊ शकते. नागरिकत्व बदलले की देणगी परकीय होते, मग ओसीआय कार्ड असले तरी. आणि भारतीय पासपोर्ट असणाऱ्याने तीच रक्कम फंडात टाकली, तर ती अमेरिकी संस्थेची झाली आणि तिथून निघताना परकीय झाली. माणूस तोच, घाम तोच, गाव तेच. फक्त करसवलतीसाठी घेतलेल्या वळणाने त्या पैशाला दिल्लीचा फेरा पडला आणि लहान संस्थांचे दार बंद झाले.

मग करायचे काय, याचे उत्तर याच जिल्ह्याने एकदा दिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मारली. बावन्न गावे पूर्ण उद्ध्वस्त झाली. आजच्या लोहारा तालुक्यातले सास्तूर त्यांतलेच. पहिल्या आठवड्यांत मदत जगभरातून लोटली, जागतिक बँकेचे मोठे कर्जही आले. पण कपड्यांचे ढीग आणि डब्यांचे खोके ओसरल्यावरचे काम वर्षानुवर्षांचे होते. न पडलेली हजारो घरे दुरुस्त आणि मजबूत करायची होती. त्यासाठी प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना पुढे आणले. संवाद सहायक म्हणून त्या घरोघर गेल्या, काम तपासू लागल्या, अभियंत्यांना प्रश्न विचारू लागल्या. २००१ मध्ये भूज हादरले तेव्हा इथल्याच बायका कच्छमध्ये जाऊन सांगत होत्या की घर कसे बांधून घ्यायचे आणि कंत्राटदाराला कसे अडवायचे. त्याआधी, भूकंपाच्याच वर्षी, डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम उभे केले आणि गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना भारतवैद्य म्हणून तयार केले. यातली कोणतीही गोष्ट एका वर्षाच्या देणगीने झाली नसती, आणि कोणतीही गोष्ट बाहेरून दिलेल्या सल्ल्याने झाली नसती.

म्हणून फंड असलेल्या दात्याकडे माझी मागणी अशी आहे. फंडात टाकलेली प्रत्येक रक्कम तीन वर्षांत बाहेर काढायची, हे स्वतःवर बंधन घाला आणि घरच्यांना सांगून ठेवा. एका संस्थेला एकदाच मोठी रक्कम देऊन फोटो मागवू नका. पाच वर्षे दरवर्षी ठराविक रक्कम द्या. ती कशावर खर्च करायची हे त्या संस्थेला आणि तिच्या गावांना ठरवू द्या. लेखापालाचा पगार, कार्यालयाचे भाडे, जीपचे डिझेल हे खर्च निषिद्ध मानू नका. त्यांच्याविना हिशेबही होत नाही आणि गावही गाठता येत नाही. ज्यांच्या हाती अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी निदान काही भाग थेट द्यावा. सवलत जाईल, हे खरे. पण १९७८ पासून अमेरिकेत महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्था चालवणाऱ्या समाजाला थोडी झीज सोसणे नवे नाही.

आणि केंद्र सरकारकडे मागणी एकच. नोंदणीकृत संस्थेला तिच्या स्वतःच्या जिल्ह्यातल्या लहान संस्थांना परकीय देणगीतला भाग देण्याची मुभा पुन्हा द्या. रकमेची मर्यादा घाला, प्रत्येक हस्तांतर सरकारी संकेतस्थळावर नोंदवायला लावा, आणि गावात आलेल्या पैशाचा जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवणे सक्तीचे करा. दिल्लीतल्या शाखेत बसून जी गफलत दिसणार नाही, ती लोहाऱ्याच्या ग्रामसभेत पहिल्या रांगेत बसलेली बाई उभी राहून विचारेल.