नौपाड्याची चिठ्ठी : रोव्हर्स चषक का बुडाला?



आमच्या नौपाड्यातली पोरं रात्री जागून विलायतेतल्या फुटबॉलचे सामने पाहतात. तिथल्या संघांची नावं त्यांना तोंडपाठ. पण ठाण्याहून लोकलने बोरीबंदरला उतरावं आणि पायी चालत जावं एवढ्या अंतरावर, मुंबईच्या कूपरेज मैदानावर, साऱ्या देशाचे संघ एका चषकासाठी झुंजायचे, हे त्यांना ठाऊक नसतं. पोरांचा दोष नाही. तो चषकच आता उरला नाही. त्याचं नाव रोव्हर्स चषक.

गावच्या कबड्डीच्या स्पर्धेत हरला तो संघ घरी जातो, तशीच ही बाद पद्धतीची स्पर्धा. १८९१ साली मुंबईतल्या हौशी इंग्रजांनी ती सुरू केली. पहिला चषक वूस्टरशायर पलटणीने नेला आणि पुढे कितीतरी वर्षं तो गोऱ्या पलटणींकडेच फिरत राहिला. १९२३ साली कलकत्त्याचा मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत आला, पण डरहॅम पलटणीपुढे हरला. अखेर १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने चषक जिंकला. देशी संघाचा तो पहिला विजय. दुसऱ्या वर्षी त्यांनी तो पुन्हा जिंकून दाखवला.

स्वातंत्र्यानंतर हैदराबादच्या पोलिसांनी तर कमालच केली. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं चषक त्यांनी कुणाला दिलाच नाही. त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारताने १९६२ साली जकार्त्याच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवलं.

मुंबईच्या संघांनीही नाव काढलं. १९५८ साली कॅलटेक्स या तेल कंपनीचा संघ जिंकला, तर १९६५ साली मफतलालचा. त्या काळी गिरण्या, कंपन्या, रेल्वे आपापले संघ बाळगायचे. चांगला खेळणाऱ्या पोराला नोकरी मिळायची. चेंडूच्या जोरावर घरची चूल पेटायची, म्हणून आईबापही खेळू द्यायचे.

मग ही स्पर्धा बुडाली कशी? एका दिवसात नाही. गिरण्यांना उतरती कळा लागली, कंपन्यांनी हात आखडता घेतला. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली. तिच्यात प्रत्येक संघाला इतर सगळ्यांशी खेळावं लागे. त्यात महिनेच्या महिने जात आणि जुन्या चषकांना सवड उरेना. २०००-०१ च्या हंगामात मोहन बागानने रोव्हर्स चषक चौदाव्यांदा जिंकला. तो शेवटचा. याउलट १८८८ साली सुरू झालेला ड्युरँड चषक आजही खेळला जातो, कारण त्याच्या पाठीशी लष्कर उभं आहे.

आता कोल्हापूरकडे पाहा. तिथे पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ आहेत. सामना असला की पेठाच्या पेठा शाहू स्टेडियमवर लोटतात. कंपनीचा संघ साहेबाच्या एका सहीने बंद होतो. मुंबईच्या महिंद्राचा नावाजलेला संघ २०१० साली असाच बंद झाला. तालमीचा संघ असा बंद होत नाही, कारण तो पेठेच्या घराघरांतला असतो.

मंडळी, यातून आपण दोन गोष्टी घ्याव्या. गावची स्पर्धा एकाच पुढाऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या देणगीवर उभी करू नका. घरटी थोडी थोडी वर्गणी काढा आणि दरवर्षीच्या विजेत्यांची नावं वहीत लिहून ठेवा. दुसरं म्हणजे, पोरगं खेळतंय तर खेळू द्या, पण शाळा सुटू देऊ नका. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. मात्र त्या मिळतात मान्यताप्राप्त स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर, आणि जोडीला शिक्षणही लागतं. ती प्रमाणपत्रं सात-बाराच्या कागदांइतकीच जपून ठेवा. चषक फडताळात शोभा देतो, पण वेळेला कामाला येतो तो कागदच.

बरं आहे. पुढल्या आठवड्यात भेटू.