अडलेल्या श्वासाची कैफियत

गेल्या रविवारी भल्या पहाटे एका कोंबड्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकले आणि रात्रभर पडदे सोडून ठेवल्यामुळे जमिनीवरच्या भुशाच्या ओल्या गादीतून उठून आत कोंडलेला अमोनिया नाकाला झोंबताच माझा श्वास जागच्या जागी अडला. मालक सहज म्हणाले, "दोन मिनिटांत सवय होईल, साहेब. पाखरांना तर काहीच वाटत नाही." गटारात उतरणाऱ्या माणसांविषयी लिहिले तेव्हाही हेच उत्तर कानी आले होते, त्याचा मला मनस्वी संताप आहे.

सवय होते ती वासाची. झोंबण्याची वर्दी नेणारा मज्जातंतू निराळा, मस्तकातून निघणाऱ्यांपैकी पाचवा. क्राट्श्मर या शास्त्रज्ञाने १८७० साली सशाच्या नाकपुड्यांत तंबाखूचा धूर सोडला, तेव्हा त्याचा श्वास उच्छ्वासाच्या अवस्थेतच थांबला व हृदयाची गती मंदावली. परंतु नाक वगळून तोच धूर श्वासनलिकेतील नळीवाटे आत घातला असता श्वास तसा थांबला नाही, आणि हा पाचवा मज्जातंतू छेदल्यावर तर नाकातल्या धुरानेही तो थांबेना. श्वास रोखण्याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रातून सुटतो खरा, पण त्यासाठी फिर्याद नाकाच्या अस्तरानेच गुदरावी लागते. फुप्फुसांची फिर्याद वेगळ्या वाटेने जाते: दिल्लीचे डॉ. पैंतल यांनी मांजरांत शोधलेले 'जे' संवेदक चेतले, की श्वास क्षणभर थांबून मग जलद व उथळ होतो.

पुढे आलारी या शास्त्रज्ञाने उंदरांच्या श्वसनाचा वेग निम्म्यावर आणणारी वायूची मात्रा मोजण्याची रीत घालून दिली आणि त्या मात्रेवरून कारखान्यातील माणसांसाठी सुरक्षित मर्यादेचा अंदाज बांधता येऊ लागला. प्रयोगशाळेत जनावराचा अडलेला श्वास आपण पुरावा म्हणून दफ्तरी दाखल करतो, त्यावर माणसाच्या जिवाचा हवाला ठेवतो. आणि शेडमध्ये तोच श्वास 'सवय' या एका शब्दाखाली निकालात काढतो. हा न्याय मला मान्य नाही.

दाराजवळची एक कोंबडी डोळे मिटून पंखावर डोके घासत होती. मी मालकांना ती दाखवली. ते काही बोलले नाहीत; पण त्यांनी गड्याला हाक मारून पडदे वर करायला सांगितले.