तोल कुणाच्या पायावर?

दोस्तांनो, आधी एक छोटासा प्रयोग. उभे राहा, सगळं वजन उजव्या पायावर टाका आणि वजन न हलवता तोच पाय उचला पाहू! जमलं? नाही ना? वजन डाव्या पायावर गेलं, तरच उजवा मोकळा होतो. तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं! पण एवढ्याशा गोष्टीवर एक देखणा नाच उभा आहे आणि एक जबरदस्त खेळसुद्धा.

नाच म्हणजे टँगो. अर्जेंटिनातलं ब्यूनोस आयर्स आणि उरुग्वेतलं माँटेव्हिडिओ ही त्याची जन्मगावं. दोघं एकमेकांना धरून नाचतात, पण पावलं आधी ठरलेली नसतात, बरं का! एकाने सुचवायचं, दुसऱ्याने ओळखायचं, तेही न बोलता. जोडीदाराचं वजन या क्षणी कुठल्या पायावर आहे, हे सुचवणाऱ्याला कळायला हवं. भलताच पाय मागितला, की दोघंही अडखळलेच!

खेळ म्हणजे ज्युदो. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात, जेमतेम १२ चटयांच्या जागेत तो शिकवायला सुरुवात केली. तेव्हा ते अवघे २१ वर्षांचे होते. ज्युदोत एक डाव आहे, समोरच्याचा पुढे येणारा पाय आपल्या तळव्याने झाडून टाकण्याचा. त्यात ताकद फारशी लागत नाही, लागते ती वेळ. त्या पायावर वजन येऊ लागतं, नेमकं तेव्हा झाडायचं. लवकर झाडलात, तर तो दुसऱ्या पायावर मजेत उभा! उशीर केलात, तर खांबाला लाथ मारल्यासारखं होतं. आणि हे सगळं डोळ्यांपेक्षा हातांनी कळतं. समोरच्याचा अंगरखा धरलेला असतो ना, त्यातून.

सरावात पाडणाऱ्याला ‘तोरी’ म्हणतात आणि पडणाऱ्याला ‘उके’. उके म्हणजे स्वीकारणारा. मला विचाराल, तर खरी कसोटी त्याचीच! म्हणून तर ज्युदोत आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीकडे, हात गादीवर आपटायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. उके ताठरला, तर तोरीला डाव साधत नाही. आणि डाव लागायच्या आधीच तो आपणहून पडला, तर तोरी चुकीचंच शिकतो. टँगोतही अगदी हेच. सुचवण्याआधीच पाऊल टाकणारा जोडीदार नाच बिघडवतो. तेव्हा रोज गादीवर पडून घरी येणाऱ्या मुलाला ‘आजही हरलास?’ असं विचारू नका हं, आईबाबा!

फरकही आहे. टँगोत आपलं वजन जोडीदाराला कळू द्यायचं असतं. ज्युदोच्या लढतीत ते लपवायचं असतं.

आणि मुलाला ज्युदो, मुलीला नाच ही वाटणी कशाला? १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून मुलीही ज्युदोची पदकं जिंकताहेत.

टँगो लांबचा वाटतो? मग फुगडी घाला. तिथेही आपला तोल दुसऱ्याच्या हातात असतो. एक जड आणि एक हलका भिडू अशी जोडी लावा, आणि जास्त मागे कोण झुकतं, ते बाकीच्यांनी बघा. पण फरशीवर नको, मऊ मातीवर!