चांगले नाही, मुलगी झाली

सुट्टीतल्या आमच्या वर्गात यंदा मुलांना प्राचीन चीनची लिपी शिकवली. सूर्य, चंद्र, डोंगर काढताना पोरं अगदी रंगून गेली. दहा आणि बारा नावांच्या जोड्या लावून साठ दिवसांचं चक्रही जमलं. वर्षाचा मेळ बसवायला तिथं कधीकधी तेरावा महिना घालत, म्हटल्यावर एकजण ओरडला, “म्हणजे आपला अधिक महिनाच की!”

पंचाईत पुढेच झाली. सुमारे ३२०० वर्षांपूर्वी वू तिंग राजानं राणी फू हाओच्या बाळंतपणाचा कौल लावला. कासवाचं कवच तापवायचं, भेगा बघायच्या नि प्रश्न तिथंच कोरायचा. एकतिसाव्या दिवशी ती बाळंत झाली. पुढे कोरलंय : चांगले नाही, मुलगी झाली.

‘हे गाळा,’ सोबतच्या बाई म्हणाल्या. मला नाही पटलं. गाळून कसला इतिहास शिकवायचा? मी वाचून दाखवलं. हीच राणी सैन्य घेऊन लढायला जायची, १९७६ मध्ये सापडलेल्या तिच्या कबरीत शस्त्रं होती, हेही सांगितलं.

पाचवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, “मावशी, मी झाले तेव्हा आजी अस्संच म्हणाली होती.”

पुढच्या वर्गाला त्या आजींनाही बोलावलंय.