त्याच वर्गात पुन्हा?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवता येत नव्हतं. २०१९ ला कायद्यात दुरुस्ती झाली, २०२३ मध्ये महाराष्ट्रानेही नियम बदलले. आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा. नापास झाला तर फेरपरीक्षा, तीही नाही जमली तर तोच वर्ग. इथे अलिबागकडे लगेच "लोक काय म्हणतील" सुरू होतं. मी कॉमर्सवाली, मागची बाकी न जुळवता पुढचं पान उघडलं की चूक वाढतच जाते, हे मला ठाऊक आहे. पण तेच वर्ष, तीच शिकवणी पुन्हा, हेही पटत नाही. आधी पोराला शेजारी बसवून चौथीचा धडा मोठ्याने वाचायला लावा. अडखळला तर डोळे तपासून घ्या, बाईंना भेटा. फेरपरीक्षेआधीचे दिवस आपल्याकडे आंब्याचे आणि पाहुण्यांचे. यंदा पाहुण्यांना दिवाळीत बोलवा.